भीमाचार्यांचा स

भीमाचार्य आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. ते घरमालक, आम्ही भाडेकरू, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिताना खरं तर जपून लिहायला हवं. पण भीमाचार्य घरात मराठी बोलतात आणि वाचतात मात्र कन्नड, तेव्हा मी काही जपणार नाही. त्यांच्या बायकोला, शालनअक्कांना, मराठी वाचता येतं. पण त्या मला सामील आहेत.

त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेमागून पत्रं लिहायला इकडे कन्नड मुलखात आले आणि इथलेच झाले. आम्ही चोवीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमागून पुण्याहून राजाजीनगरला आलो. अजूनही ते मला ‘पुण्याच्या बाई’ म्हणतात आणि मी त्यांच्या मराठीला हसते. “या की वो, स्वल्प बसा वो,” असं ते म्हणाले की मी विचारते, “स्वल्प म्हणजे किती, आचार्य? अर्धं बसू का?” ते रागावत नाहीत. माझ्यावर रागावून उपयोग नाही, हे त्यांना दुसऱ्या वर्षीच कळलं.

आयुष्यभर टेलिफोनच्या सरकारी कारखान्यात त्यांनी ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून नकाशे काढले. पण गल्लीत त्यांना ‘आचार्य’ म्हणतात ते संध्याकाळच्या वर्गामुळे. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार, पाच वाजता, खालच्या व्हरांड्यात मुलं स्तोत्रं शिकायला बसतात. चाळीस वर्षं झाली. शिकवण्याची पद्धत संथेची. म्हणजे गुरूनं एक ओळ एकदा म्हणायची आणि मुलांनी ती दोनदा, ऐकली तशीच्या तशी म्हणायची. वही नाही, पुस्तक नाही. कानात जे गेलं तेच तोंडातून बाहेर. श वेगळा, ष वेगळा, स वेगळा. एखाद्या मुलानं श्वास चुकीच्या जागी घेतला तरी आचार्य हात वर करतात, आणि ओळ पहिल्यापासून.

आता दातांची हकिकत. त्र्याहत्तराव्या वर्षी आचार्यांच्या तोंडात आठ दात उरले होते आणि त्या आठांचंही एकमेकांशी पटत नव्हतं. श्रावणात ते काढून टाकले. हिरड्या भरून येईपर्यंत वर्ग बंद. त्या काळात आचार्य बोलले की समोरच्यानं अर्ध्या हाताचं अंतर ठेवावं लागे. फ म्हणाले तर नुसती हवा, व म्हणाले तरी नुसती हवा. संक्रांतीच्या सुमाराला नवी कवळी आली, वरची आणि खालची, पांढरीशुभ्र. मी म्हटलं, “आचार्य, दहा वर्षांनी लहान दिसता. शालनअक्कांनी आता लक्ष ठेवायला हवं.” ते तोंडावर हात धरून हसले. वर्ग सुरू झाला.

पहिल्याच शुक्रवारी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. खालून आचार्यांची ओळ आली, मागून वीस मुलांचा आवाज आला, आणि गल्लीतली दोन कुत्री उठून उभी राहिली. ओळीत जिथे जिथे स, तिथे तिथे वीस तोंडांतून बारीक, तीक्ष्ण शिट्टी. आणि जिथे च, तिथे जिभेनं टाळूवर ‘टक’. ओळ दोनदा म्हणायची, म्हणून शिट्टीही दोनदा. मी खाली वाकून पाहिलं. मुलं मांडी घालून, डोळे मिटून, अगदी भक्तिभावानं शिट्टी वाजवत होती.

शिट्टी आचार्यांची होती. नव्या कवळीतून स म्हणताना त्यांची हवा कुठून तरी सुटत होती, आणि च म्हणताना खालचे दात वरच्या दातांवर आपटत होते. मुलांनी काय केलं? चाळीस वर्षं त्या व्हरांड्यात जे शिकवलं तेच केलं. ऐकलं तसं म्हटलं.

मी हे दोन मिनिटांत शालनअक्कांच्या कानावर घातलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“मला ठाऊक आहे की,” त्या म्हणाल्या.

“मग सांगितलं नाहीत?”

“पन्नास वर्षांत त्यांची चूक काढली नाही. आता कुठून सुरुवात करू? तुम्ही सांगा. तुमची जीभ रिकामीच असते.”

पण मीसुद्धा सांगितलं नाही. थट्टा करणं वेगळं आणि हे वेगळं. वाटलं, सवय होईल, जीभ आपोआप जागा शोधेल. महिना गेला. मग समोरच्या इमारतीतली नीरजा आपल्या मुलीला, आचार्यांकडे शिकणाऱ्या आठ वर्षांच्या शमिकाला, घेऊन माझ्याकडे आली. “सुलभाताई, जरा हिच्या तोंडात बघा ना. टीचर म्हणतात, ही प्रेअरमध्ये शिट्टी वाजवते. दातांच्या डॉक्टरकडे नेलं, ते म्हणतात दात परफेक्ट आहेत.”

शमिकानं तोंड उघडलं. मोत्यांसारखे दात. मी म्हटलं, “नीरजा, तुझी मुलगी वर्गात पहिली येणार आहे, एवढंच झालंय तिला.” तिला काही कळलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

त्याच मंगळवारी बिंग फुटलं. मी जिन्यात होते. जिन्यात माझं काही काम नव्हतं, हे वाचकांनी ओळखलंच असेल. आचार्य त्या दिवशी नेहमीसारखे ओळ सांगून पुढच्या ओळीकडे वळले नाहीत. मुलं म्हणत असताना डोळे मिटून बसले. आणि हात वर केला.

“शिट्टी कोण वाजवतंय?”

मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

“आशय, तू म्हण.”

आशयनं एकट्यानं म्हटलं. शिट्टी. त्याच्या शेजारच्यानं म्हटलं. शिट्टी. आचार्यांचा आवाज चढला. “ही काय थट्टा आहे की? देवासमोर बसून? कुणी शिकवलं हे?”

शमिका पुढच्या रांगेत होती. तिनं अगदी सरळपणानं सांगितलं, “आचार्य, तुम्ही तसंच म्हणता.”

मला वाटलं, आता पोरीला रट्टा बसतो. आचार्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तीच ओळ हळूच स्वतःशी म्हटली, आणि या वेळी ऐकली. चेहरा असा झाला, जणू भर रस्त्यात कुणी धोतर ओढलं. “शमिका म्हणते ते खरं आहे,” ते म्हणाले. “आज एवढंच. घरी जावा.”

त्यानंतर वर्ग झाला नाही. आणि आचार्यांनी बोलणंच सोडलं. भाजीवाल्याला बोटानं कोथिंबीर दाखवायची, पोस्टमनला मान हलवायची, मला पाहिलं की आत जायचं. दर वर्षी रामनवमीच्या मांडवात त्यांची मुलं पठण करतात, मग गुळाचं पानक आणि भिजवलेल्या मुगडाळीची कोसंबरी वाटतात. त्या मांडवाचा कार्यवाह योगीराज विचारायला आला. आचार्यांनी त्याला कागदावर लिहून दिलं, ‘या वर्षी नाही. पुढेही नाही.’

योगीराज हुशार माणूस. “आचार्य, एवढंच ना? तुमची जुनी रेकॉर्डिंग्स आहेत की माझ्याकडे. मोबाइलवरून लावू, मुलं त्यामागून म्हणतील.”

तेव्हा मात्र आचार्य बोलले. प्रत्येक स जपून, जवळजवळ गिळून. “मोबाइल ओळ सांगेल. मुलानं चुकीची म्हटली तर मोबाइल हात वर करेल की? माझ्या तोंडून चुकीचं गेलं, ते वीस मुलांच्या तोंडात बसलं. ती उद्या आपल्या मुलांना सांगतील. रामनवमीपर्यंत माझं तोंड सुधारलं तर सुधारलं. नाही तर वर्ग बंद, म्हणजे बंद.”

रामनवमीला पाच आठवडे होते. योगीराज गेल्यावर मी सरळ आत गेले.

“आचार्य, कवळी नीट नाही तर डॉक्टरकडे जायचं की व्हरांडा बंद करायचा? चप्पल चावली म्हणून पाय कापतात का?”

त्यांनी मान फिरवली. शालनअक्का पदर खोचून बाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी पन्नास वर्षांची रीत मोडली. “डॉक्टरची चूक नाही हो. यांची आहे.” आणि सांगितलंच त्यांनी.

तिसऱ्या ब्लॉकमधल्या डॉक्टर सुप्रीतानं पहिल्या वेळीच विचारलं होतं. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. तेव्हा ती म्हणाली होती, “अंकल, तुम्ही रोज जे म्हणता ते म्हणून दाखवा.” आता आचार्यांची अडचण बघा. रोज म्हणतात ते स्तोत्र. ते अंघोळ करून, सोवळ्यात, आसनावर बसून म्हणायचं. इथे चामड्याची खुर्ची, पायात मोजे, तोंडात दुसऱ्याची बोटं. त्या तोंडातून देवाचं नाव? आचार्यांनी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, मग काहीही बोला. काहीही काय बोलणार? ती विचारत गेली, टोचतंय का, सैल वाटतंय का, चावताना बरं का? आणि आचार्य दर वेळी एकच म्हणत गेले, “सरी अम्मा.” म्हणजे ठीक आहे, बाई.

“म्हणजे,” मी म्हटलं, “त्या बिचाऱ्या कवळीला बनताना अख्ख्या भाषेतला एकच शब्द ऐकवला. सरी. आणि मग तिच्याकडून संस्कृताची अपेक्षा!”

आचार्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही तिघं दवाखान्यात.

डॉक्टर सुप्रीता पस्तिशीची, कन्नड बोलणारी, मराठीचा एक शब्द न येणारी. मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचाच उपयोग झाला. तिनं कवळी काढून पाहिली, घालून पाहिली, आचार्यांना साठपासून सत्तरपर्यंत इंग्रजीत आकडे मोजायला लावले आणि म्हणाली, “हं. समजलं.” मग तिनं आरशात दाखवलं. दात काढल्यावर खालचं हाड झिजतं, त्यामुळे खालची कवळी बोलताना उचलली जाते. वरच्या कवळीचा टाळूवरचा भाग पुढच्या दातांमागे जाड झालाय, त्यामुळे स म्हणताना जिभेला हवी तेवढी वाट मिळत नाही, आणि हवा बारीक फटीतून शिट्टी मारत निघते. शिवाय दात थोडे उंच आहेत. “स किंवा च म्हणताना वरच्या आणि खालच्या दातांमध्ये कागद जाईल एवढी फट राहायला हवी. तुमची राहत नाही, म्हणून टक वाजतं. नवी करू. पण या वेळी मेणाच्या दिवशी बोलावं लागेल. एकदा पक्की झाली की मला फार काही हलवता येत नाही. सरी म्हणून चालणार नाही, अंकल.”

“सरी,” आचार्य म्हणाले. आणि मग स्वतःच ओशाळले.

मेणाचा दिवस पंधरा दिवसांनी आला. खुर्चीजवळ स्पिरिटचा दिवा, छोटी सुरी, गुलाबी मेणात दातांची रांग. सुप्रीतानं ते आचार्यांच्या तोंडात बसवलं आणि म्हणाली, “बोला.” तिनं कन्नड वर्तमानपत्र पुढे केलं. त्यांनी हळू, मऊ आवाजात पहिलं पान वाचलं. शिट्टी नाही.

“छान,” सुप्रीता म्हणाली.

“छान कुठलं?” मी म्हटलं. “असं ते फक्त व्याह्यांशी बोलतात. खरे आचार्य असे नसतात. खरे आचार्य वीस मुलांच्या डोक्यावरून ओरडतात.”

“मग ओरडा,” सुप्रीता म्हणाली.

“काय ओरडू अम्मा? जे ओरडतो ते इथे म्हणायचं नाही.”

ती माझ्याकडे बघू लागली, मी तिच्याकडे. मेण मऊ होत होतं. बाहेर चार पेशंट बसले होते. आणि मला खरोखर वाटलं, आता पुन्हा सरी होणार, आणि व्हरांडा कायमचा मोकळा.

तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून शालनअक्का म्हणाल्या, “पाढे म्हणा की वो.”

आचार्यांनी मान वळवली.

“पाढ्याला सोवळं लागत नाही. आपल्या लेकाला तुम्ही संथेनंच शिकवले. सातचा म्हणा. सगळा ‘स’च आहे त्यात.”

आचार्य खुर्चीत सरळ झाले. माणूस कसा बदलतो बघा. पाठीचा कणा ताठ, हनुवटी वर. “पण संथेला समोर कुणी तरी हवं,” ते म्हणाले. आणि तिघांचीही नजर माझ्यावर आली.

मी बावन्न वर्षांची, एका मुलाची आई. दवाखान्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हात मांडीवर घेऊन बसले. आचार्य म्हणाले, “सात एके सात.” मी दोनदा म्हटलं, “सात एके सात, सात एके सात.” त्यांच्या तोंडातून बारीक शिट्टी आली, म्हणून माझ्याही तोंडातून आली. संथा ती संथा. सुप्रीतानं मेणाचा ठसा बाहेर काढला, पुढच्या दातांमागे सुरीनं दोनदा खरवडलं, परत बसवला.

“सात सक बेचाळीस.” “सात सक बेचाळीस, सात सक बेचाळीस.” शिट्टी कमी, पण च ला टक. पुन्हा बाहेर. मागचे दात एक केसभर खाली. पुन्हा आत.

“साती साती एकोणपन्नास.”

सुप्रीताला एकाही शब्दाचा अर्थ कळत नव्हता, म्हणून तिला फक्त आवाज ऐकू येत होता. डोळे मिटून, सुरी हातात धरून ती ऐकत होती, मांडवात गाणं ऐकावं तशी. दरवाजा अर्धवट उघडा होता. बाहेर सुजलेल्या गालाचे एक आजोबा बसले होते, आचार्यांसारख्याच कुणा जुन्या मराठी घराण्यातले असावेत. त्यांना राहवलं नाही. “सात नवे त्रेसष्ट,” असं त्यांनी आतून येण्याआधीच म्हणून टाकलं आणि लगेच गाल धरला.

मग सोळाचा पाढा. इथे माझी दैना झाली. “सोळा सक?” आचार्यांनी मध्येच परीक्षा घ्यायला सुरुवात केली होती. वास्तविक संथेत प्रश्न नसतात, पण आता त्यांना थांबवणार कोण?

“चौऱ्याण्णव,” मी म्हटलं.

“शहाण्णव!” आचार्य कडाडले. “सोळा सक शहाण्णव! पुण्यात शाळा होत्या की नुसत्याच पाट्या?”

सुप्रीतानं सुरी वर धरली. “हे, हे. हा आवाज. पुन्हा चिडा, अंकल. इथे अजून थोडी शिट्टी आहे. चिडल्यावरच येते.”

त्यानंतर पाऊण तास मी मुद्दाम चुकत होते. म्हणजे सुरुवातीला मुद्दाम. सतराच्या पाढ्याला मुद्दाम चुकायची गरज पडली नाही. आचार्य मला ‘ढ’ म्हणाले, ‘सुस्त’ म्हणाले, ‘साठीच्या आत बुद्धी नाठी’ म्हणाले, आणि प्रत्येक शिवीनंतर सुप्रीता मेण काढून इथे कण, तिथे कण खरवडत राहिली. शालनअक्का पदरात तोंड लपवून हसत होत्या. शेवटी आचार्यांनी एका दमात म्हटलं, “शंभरदा सांगितलं तरी समजत नाही तुम्हाला!” आणि सगळे स, सगळे श आपापल्या जागी, स्वच्छ, ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखे. कुठे शिट्टी नाही, कुठे टक नाही.

“सरी?” सुप्रीतानं विचारलं.

आचार्यांनी जीभ टाळूवरून फिरवली, थोडा वेळ विचार केला, आणि म्हणाले, “स्वल्प डावीकडे टोचतंय अम्मा.” सुप्रीतानं हात जोडले. म्हणाली, या खुर्चीत बसून त्यांनी केलेली ही पहिली तक्रार.

पक्की कवळी आठ दिवसांनी आली. पहिले चार दिवस हिरडीला फोड आले, दोनदा जाऊन घासून आणावी लागली. घरात आचार्य दिवसभर मोठ्यानं कन्नड वर्तमानपत्र वाचत. अगदी जाहिरातीसुद्धा. देवनहळ्ळीजवळच्या प्लॉटची जाहिरात मला पाठ झाली. मग रामनवमीच्या आधीच्या रविवारी शालनअक्कांनी व्हरांडा धुतला, आणि पाच वाजता पंधरा मुलं आली. बाकीची पाच पोहायला जाऊ लागली होती. आचार्यांनी ते विचारलं नाही. मोजलं मात्र.

मी जिन्यातच होते. या वेळी शालनअक्काही माझ्या शेजारी बसल्या.

आचार्यांनी पहिली ओळ म्हटली. स्वच्छ. मुलांनी म्हटली. शिट्टी! दोन्ही वेळा शिट्टी. मुलांना सवय लागली होती. शालनअक्कांनी माझं मनगट धरलं.

आचार्यांनी हात वर केला. मग म्हणाले, “तो स विसरा. तो माझा होता, खोटा होता. आता ऐका.” त्यांनी ओळ पुन्हा म्हटली, अगदी सावकाश. मुलांनी म्हटली. चार-पाच शिट्ट्या. पुन्हा ओळ. दोन शिट्ट्या. “शमिका, तू एकटी.” शमिकानं डोळे मिटले, ओठ जरा पुढे केले, आणि म्हटलं. नुसता स. पाण्यासारखा.

“सगळे,” आचार्य म्हणाले.

पंधरा मुलांनी ओळ दोनदा म्हटली. शालनअक्कांनी माझं मनगट सोडलं, तेव्हा त्यावर त्यांच्या बांगडीचा वळ उमटला होता.

पुढच्या ओळी भराभर गेल्या. रामनवमीला काय म्हणायचं ते ठरलं, योगीराजला निरोप गेला. सहाच्या सुमाराला एका लांब ओळीत आशयनं मध्येच, भलत्याच ठिकाणी श्वास घेतला आणि शब्दाचे दोन तुकडे झाले. आचार्यांचा हात ताडकन वर गेला. “आशय! शब्द काय भाकरी आहे की, मध्ये मोडायला? लक्ष कुठे आहे तुझं?” दहा मिनिटं ते आशयला झापत होते. त्याच्या वडिलांना झापलं, वडिलांनाही त्यांनीच शिकवलं होतं. आशय रडवेला झाला. आणि आचार्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला जिन्यात तोंड दाबून बसावं लागलं. ती चूक आशयची होती. फक्त आशयची.

“पहिल्यापासून,” आचार्य म्हणाले.